पेणच्या दुकानातलं ग्रीस

रॉकेलचा वास आला की गडबच्या आमच्या अंगणातलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं उघडं चाक दिसतं. तीसेक वर्षं झाली. "बेअरिंग रॉकेलात धुतलंस ना गो?" आमच्या ह्यांनी विचारलं. लग्नाला निघालेली मी महाराणी, हाताला वास नको म्हणून वाळू मिसळलेल्या जुन्या ग्रीसवरच पेणहून आणलेलं नवं थापून मोकळी झाले होते. "व्हय, धुतलं की!" त्याच ट्रॉलीनं लग्नाला जाताना वाटेत कोलाडला चाक करकरायला लागलं. धुतलेलं बेअरिंग तापणार नाय, या भरवशानं ह्यांनी चाकाच्या मध्यावर अख्खा तळवा टेकवला आणि कातडी तिथंच चिकटली. "पेणवाल्यानं ग्रीसच खराब दिलं," ते कळवळत म्हणाले. पुढं मरेपर्यंत जवळचं पेण सोडून ते ग्रीस रोह्याहून आणत. परवा पेणच्या त्या म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, "वहिनी, दादांना माझा राग कशाचा होता?" मी म्हटलं, "मला नाय ठाऊक."