डाव्या सीटचा पट्टा

अर्जदार: मी, धाकटा भाऊ, वय वर्षे त्रेपन्न, धंदा अर्ज लिहिणे, राहणार चामराजपेट.
प्रतिवादी: माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, राहणार त्याच गल्लीत, तीन घरे सोडून.
घटनेची तारीख: आयुधपूजेचा आदला दिवस, सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत.
घटनेचे स्थळ: माझ्या घराचे कंपाउंड, जेथे अण्णांची गाडी उभी असते, कारण त्यांच्या दारात जागा नाही.
साक्षीदार पहिली: माझी पत्नी. साक्षीदार दुसरी: आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू, मूळची पुण्याची, संगणकाच्या कंपनीत नोकरीला.
तक्रार: मी अण्णांची गाडी आतून स्वच्छ केली, आणि तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत.

एवढे मी दसऱ्यानंतर चार दिवसांनी रागाच्या भरात लिहून ठेवले होते. पुढचा मजकूर आज लिहीत आहे. नावे मुद्दाम घातलेली नाहीत. आमच्या गल्लीत नावांवाचूनही सगळ्यांना सगळे कळते. हकीकत मात्र पहिल्यापासून सांगतो. वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असे धरून अर्ज लिहावा, हा आमच्या धंद्याचा नियम आहे, आणि तो मी सख्ख्या भावासाठीही मोडणार नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तरीही तालुका कचेरीबाहेर करंजाच्या झाडाखाली माझे टेबल गेली सत्तावीस वर्षे आहे, आणि सनद घेतलेले वकीलसुद्धा मसुदा दाखवायला माझ्याकडे येतात. हे बढाई म्हणून सांगत नाही, दाखला म्हणून सांगतो. दिवसभर कन्नडमध्ये लिहितो, घरी मराठी बोलतो. आमचे पूर्वज या मुलखात घोड्यावर बसून आले, असे वडील सांगत. अण्णांचे म्हणणे, घोड्यामागून चालत आले. अण्णांचे बोलणे पहिल्यापासून असेच, थोडके आणि जमिनीवरचे.

यशवंतपूरच्या कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी ही राखाडी रंगाची छोटी गाडी घेतली. पुढची डावी सीट वहिनींची. खोबरेलात मेथीचे दाणे उकळून ते तेल त्या रोज केसांना लावत, त्यामुळे पहिल्या वर्षातच सीटच्या हेडरेस्टवर तळहाताएवढा काळसर डाग पडला. पुढे त्यांना दुखणे लागले. दोन वर्षे अण्णा त्यांना त्याच सीटवर बसवून इस्पितळात नेत आणि आणत. औषधांनी केस गेले, तरी तेल काही त्यांनी सोडले नाही. माझ्या पत्नीने एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, "झाडं गेली म्हणून जमिनीला पाणी घालायचं नाही की काय?"

वहिनी गेल्या त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. पहिल्या वर्षी सण नव्हताच. यंदा आयुधपूजा आली. या शहरात त्या दिवशी रिक्षापासून लेथ मशीनपर्यंत प्रत्येक हत्याराला हळदकुंकू मिळते. माझ्या टाइपरायटरलाही मिळते. अण्णांची गाडी मात्र धुळीत उभी होती. ती मी माझ्या हातांनी आतून स्वच्छ करावी, अण्णांनी सकाळी येऊन गाडीची दृष्ट काढून कोहळा फोडावा आणि घराला पुन्हा सणाची सवय लागावी, असा माझा हेतू होता. हेतू लेखी नोंदवतो, कारण निवाड्याच्या वेळी हेतू पाहिला जातो.

चावी आमच्याच खिळ्यावर असते. भाडेकरू मुलीने आपला व्हॅक्यूम क्लीनर खाली आणून दिला आणि पायरीवर कॉफी घेऊन बसली.

"काका, सीटवर डायरेक्ट पाणी ओतू नका हं. फक्त फेस घ्या ब्रशवर. फोम आतून ओला राहिला की वास धरतो."

"मुली, कोणतेही काम हातात घेतले की त्याची रीत मी आधी समजून घेतो."

"रीत बरोबर आहे, काका. पण तुम्ही गाडी धुताय की निकाल देताय?"

आधी पायपुसण्या काढून झटकल्या. मग आतील वस्तूंचा पंचनामा केला, दोन प्रतींत: केसांच्या पिना दोन, इस्पितळाच्या पार्किंगच्या चिठ्ठ्या एक जुडगा, पेपरमिंटची अर्धी पट्टी, रुमाल एक, सीटच्या फटीतून निघालेली शेंगांची टरफले (ती टाकली, तशी नोंद केली). सगळे लिफाफ्यात घातले. एसीच्या जाळ्यांतील धूळ रंगाच्या कोऱ्या कुंचल्याने काढली. डॅशबोर्ड ओल्या फडक्याने पुसला. चकाकीचे तेल लावले नाही, त्याची तिरीप काचेवर पडून चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येते. काचा वर्तमानपत्राने पुसल्या. सीटबेल्ट सहज हाताला येतील तेवढे ओढून साबणाच्या फडक्याने पुसले आणि सोडून दिले. शेवटी हेडरेस्ट घेतला. डागावर टाल्कम पावडर थापून तासभर ठेवली, म्हणजे ती तेल ओढते. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून, त्या फेसाने कडेकडून मधल्या भागाकडे घासत गेलो, म्हणजे डाग पसरत नाही. तीन वेळा केले.

दुसऱ्या खेपेला पत्नी बाहेर आली. "अहो, ते राहू द्या ना तसंच."

"डाग आहे तो."

"डाग आहे ते मलाही दिसतंय," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

चारही दारे उघडी ठेवून मी गाडी उन्हात वाळवली. हेडरेस्ट नव्यासारखा निघाला.

सकाळी अण्णा आले. मी बंपरला केळीचे खुंट बांधले होते, चाकांखाली लिंबे ठेवली होती, कुंकू भरलेला कोहळा तयार होता. अण्णांनी नेहमीप्रमाणे आधी डावे दार उघडले. ते कोणासाठी उघडले, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. हेडरेस्टवर त्यांनी हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग वाकून नाक जवळ नेले.

"कुणी धुतलं?"

"मीच, अण्णा. कालचा अख्खा दिवस लागला. वस्तूंची यादी केली आहे, दोन प्रती. पोच म्हणून इथे सही करा."

अण्णांनी लिफाफा घेतला. माझ्याच पेनाने यादीखाली 'मिळाले' असे लिहिले आणि सही केली. मग म्हणाले, "सरी. बिडु." म्हणजे, बरे, जाऊ दे. आम्ही भाऊ आपसांत कन्नड बोलत नाही. परक्या माणसाला वाटेला लावताना अण्णा कन्नड बोलतात.

कोहळा तसाच राहिला. त्या दिवसापासून अण्णा सकाळच्या कॉफीला आमच्याकडे येईनासे झाले. रस्त्यात मी दिसलो की पानवाल्याशी बोलू लागले. आणि ते पान खात नाहीत. आठ तास राबलेल्या माणसाला ही वागणूक मिळाली, म्हणून मी वरची तक्रार लिहायला घेतली आणि साक्षीदारांना बोलावून जबानी मागितली. तिथेच माझा खटला ढासळला.

पत्नी म्हणाली, "भाऊजी रोज सकाळी कॉफीच्या आधी दहा मिनिटं गाडीत बसायचे, माहीत आहे का तुम्हाला? गाडी चालू करायचे नाहीत. डाव्या सीटला हात लावून बसायचे नुसते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं मला."

भाडेकरू मुलगी म्हणाली, "मीही बघायचे, काका. मला वाटायचं एसी चेक करतात."

"मग त्या दिवशी मला का सांगितले नाहीत?"

"मला तुमची यादी बघून वाटलं, तुम्ही फार विचार करून करताय," मुलगी म्हणाली. पत्नीला हे विचारायचे कारण नव्हते. तिने सांगितले होते.

यावर मी टेबलाशी बसून पुष्कळ विचार केला. वस्तू म्हणजे मालमत्ता आणि डाग म्हणजे घाण, असे मी धरून चाललो होतो. पिन यादीत घेतली आणि ज्या जागी अण्णा वहिनींना भेटत होते ती जागा घासून टाकली. आणि हे कोणी केले? जो माणूस रोज पक्षकारांना बजावतो की कागदावरचे अक्षर कधी खरवडू नका, चुकले तर एका रेघेने खोडा, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूला सही करा. खरवडलेला कागद कोणताही साहेब हातात धरत नाही. सत्तावीस वर्षे सांगत आलो ते माझ्याच हातून मोडले.

दरम्यान गाडीत कुबट वास येऊ लागला. मुलीने दारात नाक घालून सांगितले, "बेल्ट ओलाच आत गेला असणार, काका. पूर्ण बाहेर ओढून वाळवायचा असतो तो, थोडासा पुसून सोडायचा नाही." मग मी डावा पट्टा ओढत गेलो. एरवी आपण ओढतो त्याच्या पुष्कळ पुढे, दारामागच्या ज्या खांबात तो गुंडाळला जातो त्यातून अगदी शेवटापर्यंत. शेवटच्या हातभर भागावर चार बोटांचे ठसे होते. पिवळे.

पत्नीला हाक मारली. ती वाकून पाहत म्हणाली, "पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आहे हे. जाऊबाई पोटावर उशी धरून बसायच्या, म्हणून भाऊजी पट्टा उशीवरून लांबवर घ्यायचे. आणि घरून निघताना त्या देवाला हळद लावून निघायच्या. घाईत हात कुठले धुतायत?" दुसरा कोणीही त्या सीटवर बसला तरी पट्टा इतका बाहेर येत नाही, म्हणून ठसे आत अंधारात राहिले. माझ्याही फडक्यापासून वाचले. पण पूर्ण नाही. साबणाचा ओलावा पट्ट्यावरून आत झिरपत गेला होता, आणि हळदीला साबण लागला की ती तांबडी होते. करंगळीचा ठसा अर्धा लाल झाला आहे. तीन बोटे पिवळी आहेत.

हळद उन्हातही उडते. धुणे वाळत घालणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. म्हणून मी गाडी सावलीत ढकलली, त्या बाजूच्या काचेला पत्नीची जुनी साडी लावली, पट्टा चिमट्याने ताणून धरला आणि वायर ओढून टेबलफॅन लावला. दोन दिवस लागले. ठशांना हात लावला नाही. वास गेला. पट्टा हलके हलके पुन्हा खांबात जाऊ दिला.

त्याच संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी अण्णांनी माझ्या पत्नीला सांगितले की गाडी विकायची आहे, रविवारी होसकोट्याचा एक माणूस बघायला येणार आहे. "आता तिच्यात काय राहिलंय," असे म्हणाले. पत्नी म्हणाली, "तुम्ही जाऊन सांगा." मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांसाठी हजारो अर्ज लिहिले, पण तोंडी बाजू मांडायची सवय मला नाही. म्हणून हा कागद. तो उद्या सकाळी त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे.

वर 'अर्जदार' आणि 'प्रतिवादी' या ओळी आहेत, त्या एका रेघेने खोडल्या आहेत. खालचे अक्षर वाचता येते, बाजूला माझी सही आहे. तक्रार अण्णांची आहे आणि ती माझ्याविरुद्ध आहे, असे समजून पुढचे वाचावे. वस्तूंच्या यादीतही एक पुरवणी जोडली आहे: 'डाव्या सीटचा पट्टा, शेवटच्या हातभर भागात बोटांचे ठसे चार, पैकी एक बिघडलेला, बिघाड धाकट्या भावाच्या हातचा.'

तरी आपल्या चरणी विनंती अशी की, रविवारच्या व्यवहाराला तूर्त स्थगिती द्यावी. होसकोट्याच्या माणसाआधी आपण स्वतः येऊन डाव्या सीटवर बसावे आणि पट्टा आपल्या हाताने शेवटापर्यंत ओढावा. दार लावून घ्यावे, काचेवर साडी अजून आहे, म्हणजे ऊन आत येणार नाही. मी कंपाउंडमध्ये नसेन. आत कॉफी ठेवत असेन. त्यानंतर गाडी विकायची की ठेवायची, हा निर्णय सर्वस्वी आपला. हेडरेस्टच्या बाबतीत माझ्याजवळ बचाव नाही. उत्तर लेखी असण्याची गरज नाही. 'हूं' एवढेही पुरे आहे, फक्त ते मराठीत असावे.

आपला धाकटा भाऊ,
सही.