गिरणीवाल्यांच्या मुंग्या

आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी कुणीतरी आपल्या छंदाविषयी बोलतं. वक्त्यांची यादी, खुर्च्या, चहा आणि अर्ध्या तासाने वाजवायची घंटा, हे सगळं माझ्याकडे. काल गिरणीवाले सदाभाऊ मुंग्यांवर बोलत होते. भुवयांवरचं पीठ तसंच होतं, चहा निवून गेला होता, आणि चेहरा इतका रंगलेला की मला हेवाच वाटला. मला असं कशातच हरवता येत नाही. आयुष्य नीट लावून ठेवलं, की वेडाला जागाच उरत नाही का? मी घंटा पाच मिनिटं आधी वाजवली.

"थांबा हो ताई, राणी आत्ता कुठे उडालीय," सदाभाऊ म्हणाले. सगळे हसले. घंटा लवकर वाजली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. घड्याळाकडे फक्त मीच बघत होते.