रुसलेला मामा

वकिलातीच्या मेजवानीत एखादी खुर्ची रिकामी दिसली, की मला शेलूबाजारचा मांडव आठवतो. राजदूत झाल्यावर मी भाचीच्या लग्नाला गेले होते. वांग्याच्या भाजीचा वास दरवळत होता, पण मामा रुसून कडुनिंबाखाली जाऊन बसल्यामुळे पंगत खोळंबली होती. "दोन देशाईत समेट करतं ना तू? मंग माह्या भावाले पंगतीत आण," आईनं फर्मावलं. मी मामांपुढे पाण्याचा गडू धरला, मानपानात राहून गेलेल्या सगळ्याची माफी मागितली. मामा गालात हसले. "मले कायचा राग, पोरी? सारे तुलेच घेरून राह्यले. म्हटलं, रुसलो त तुलेच धाडतीन." पुढे काही वर्षांनी मामा वारले. आता पंगत वेळेवर बसते, तरी माझी नजर आधी त्या कडुनिंबाखाली जाते.