पुसलेला एच

नाशिकमध्ये बारावीच्या मुलांना गणित शिकवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. दर वर्षी डेरिव्हेटिव्हच्या पहिल्या तासाला फळ्यावर एच, म्हणजे ती अगदी बारीकशी वाढ, लिहिला की माझी नजर मागच्या बाकाकडे जाते. तिथे कोणीही बसलेलं असो, मला इगतपुरीची ती मुलगी दिसते. सकाळच्या गाडीने यायची, दप्तराला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून.

तेव्हा माझी एक लकब होती. मधल्या ओळीत एचने भागायचं आणि शेवटी उरलेला एच डस्टरच्या कोपऱ्याने पुसत म्हणायचं, "इतका बारीक, की नाहीच!" मुलं खूश व्हायची.

एक दिवस त्या मुलीने हात वर केला. "सर, भागताना तो शून्य नव्हता. मग पुसताना शून्य कसा झाला?"

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, धुक्यात राहता ना, म्हणून समोरचंही दिसत नाही." वर्ग हसला. तीही हसली. पुन्हा तिने कधी हात वर केला नाही.

दिवाळीनंतर तिचे वडील आले. रेल्वेत रूळ राखणारे गँगमन होते. "सर, पोरीला लय हौस होती गणिताची. आता म्हणते, आपलं काम नाय. तुमी सांगाल तसं."

"बरोबर म्हणतेय ती," मी म्हणालो. मला तिच्या प्रश्नांची भीती वाटत होती. तिने गणित सोडलं.

बऱ्याच वर्षांनी गणिताच्या इतिहासावरचं एक पुस्तक हाती आलं. युरोपात ज्यांनी हे गणित उभं केलं, तेही अशी अतिसूक्ष्म राशी आधी वापरत आणि मग टाकून देत. एका धर्मगुरूने नेमका तिचाच आक्षेप घेतला होता. त्याला पक्कं उत्तर द्यायला मोठमोठ्या गणितज्ञांना शंभराहून जास्त वर्षं लागली. मी पुस्तक मिटलं. पुढे कित्येक दिवस ते उघडवेना.

यंदा जूनमध्ये ती भाचीला घेऊन तिच्या प्रवेशासाठी माझ्याकडे आली. "ओळखलंत का सर? धुक्यातली."

मी कागद ओढला आणि तिला उत्तर दिलं. एच शून्य होतच नाही. तो शून्याकडे जाताना उत्तर ज्या संख्येच्या हवं तितकं जवळ जातं, ती संख्या आपण घेतो. मग तिच्या वडिलांना मी काय म्हणालो आणि का, तेही सांगितलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"हो."

"बाबा गेले, सर. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, पोरीला झेपलं नाही."

कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली. भाचीला म्हणाली, "चल गं."

प्रवेशाचा कोरा फॉर्म टेबलावरच राहिला. तो अजून तिथेच आहे.