आतोबांचं वाढतं बेसिन

आमच्या आतोबांइतका हट्टी माणूस अख्ख्या नागपुरात शोधून सापडायचा नाही. सुतार, प्लंबर, गवंडी यांपैकी एकानेही अजून त्यांच्या घराची पायरी चढलेली नाही. "दुसऱ्याले काहून बिघडवू द्यायचं? मले येते ना!" हे त्यांचं उत्तर, आणि येतं हो त्यांना, अगदी छान येतं! त्यांनी दुरुस्त केलेली दाराची बेल दाबली की स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. आत्या बिचारी दिवा लागला की दार उघडायला जायची.

पण त्यांची खरी करामत म्हणजे बाथरूममधलं बेसिन. त्यांची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, कॅनडात असते. ती आली होती तेव्हा तिची सई अगदी चिमुरडी होती. बेसिनपर्यंत हात पोचायचा नाही, म्हणून आतोबा रोज सकाळी तिला काखेत धरून उचलायचे. ती पाय झाडत ओरडायची, "आबा, सोडा ना! माझं मी करते!" दोघंही नखशिखांत भिजायचे. त्यांना विमानात बसवून आले आणि दुसऱ्या दिवशी आतोबांनी बेसिन उखडलं.

जुन्या कूलरचा लोखंडी स्टँड कापून बुटका केला. त्यावर संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून कपाट बनवलं आणि वर बेसिन बसवलं. माप कुठलं, तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने सईच्या उंचीची केलेली खूण. पाइप धरायला अर्थातच मी. "धर गा नीट, झोपून राहिला का?" असं ते म्हणाले, आणि तेवढ्यात पाण्याची धार थेट माझ्या तोंडावर! बेसिन आलं माझ्या मांडीशी. तेव्हापासून घरातला प्रत्येक जण नमस्कार घातल्यासारखा वाकून तोंड धुऊ लागला. आत्याची कंबर धरली. आतोबांचं आपलं एकच, "पोरगी आली म्हणजे मंग?"

पोरगी काही आली नाही. कधी रजा नाही, कधी शाळा, कधी आणखी काही. दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर आतोबा तिला भिंतीला टेकून उभं करतात. "ताठ उभी राय वं, सई!" तिची आई टेप लावून माप सांगते. दुसऱ्या दिवशी घराचं पाणी बंद आणि मला बोलावणं. स्टँडखाली आणखी एक फळी सरकते, पाइपाला आणखी एक तुकडा जोडला जातो. एकदा आत्या चिडलीच, "अहो, ते येऊन नाही राहिली, अन् तुम्ही काहून बाथरूम फोडून राहिले?" आतोबा पाना शोधत बसले. तो त्यांच्या हातातच होता.

यंदाही बेसिन वर चढलं. "पाह्य गा, हात धुऊन," आतोबा म्हणाले. मी हात धुतले. कुठेही गळलं नाही, हाच मोठा चमत्कार! आणि मग लक्षात आलं, की मला वाकावंच लागलं नव्हतं. आत्या तर खूश झाली, "चला, सुटली बाई कंबर!"

आतोबा टॉवेलने नळ पुसत होते. कोरडा झाला तरी पुसतच होते.

"एवढी झाली गा ते," ते म्हणाले. "आता आली तरी माझ्याच्यानं उचलणं नाही व्हायचं."

मला एकदम भरून आलं. मी नळ सोडला आणि उगीचच तोंडही धुतलं.