रंगनाथचे दात आणि माझी कवळी

म्हातारे रोज एका बाकड्यावर बसू लागले की किस्से आपोआप साचतात. पाणी तेवढं साचत नाही! चिकलठाण्याच्या कारखान्यातून आम्ही रिटायर झालो, तेव्हापासून लिंबाखालचं बाकडं आमचं. त्यातला रंगनाथ माझ्याच वयाचा. त्याचे सगळे दात शाबूत. माझा एकही नाही. बाकी कशाचं मला वाईट वाटत नाही.

*

कॅन्टीनमध्ये सोड्याच्या बाटलीचं बूच दातांनी उघडणारा मी एकटा होतो. तेव्हा रंगनाथ बाटली घेऊन माझ्यापुढं उभा राहायचा. आता तोच रोज सकाळी माझ्या कानाशी सुपारी फोडतो. कडाक्! वर विचारतो, "तुला देऊ का रं? चघळायला!"

*

दातांचा दवाखाना नव्या कॉम्प्लेक्समध्ये. तिथं पूर्वी ज्वारी व्हायची. डॉक्टरीणबाई वयानं लहान. म्हणाली, "आजोबा, दात कधीपासून हलतात?"

"बोअर आटला तेव्हापासून."

"त्याचा काय संबंध?"

"मुळाशी काय राह्यलंच नाय, बाई!"

तिनं होते तेवढे काढले. कवळी बसवली.

*

कवळी लावून पहिल्यांदाच बाजारात गेलो. रंगनाथ सोबत होताच. फुलंब्रीची एक बाई काकड्या घेऊन बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, कवळी हाय!"

मी तोंडावर हात ठेवला आणि ओरडलो, "असू दे! तुला काय करायचंय?"

बाई घाबरली. रंगनाथ पोट धरून खालीच बसला. "आरं, काकडी कवळी हाय म्हणायली ती!"

*

त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा. कवळी तर रात्री पाण्यात ठेवावी लागते. बायको म्हणाली, "माणसांला प्यायला नाय, अन् तुमच्या दातांला वाटीभर व्हय?"

रंगनाथ दारातच उभा. "वहिनी, माझ्या दातांला पाणी लागत नाय बघा!"

त्या रात्री मी मनातल्या मनात त्याला एक दाढदुखी देऊन टाकली.

*

दात नव्हते तेव्हा बायको मला भाकरी वरणात कुस्करून द्यायची. कवळी आली त्या दिवशी मी तिला बजावलं, "आता कुस्करायचं नाय. मी काय लेकरू हाय?"

रंगनाथची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकदा त्याला घरी जेवायला बसवलं. पुढं भाकरी आली. त्यानं गालाला हात लावला.

"वहिनी, जरा कुस्करून देता का? दात लई ठणकायलाय."

सकाळीच त्यानं माझ्यासमोर सुपारी फोडली होती!

बायकोनं त्याचं ताट ओढलं आणि भाकरी कुस्करू लागली. अगदी बारीक. वर तुपाची धार. रंगनाथ तिच्या हाताकडं बघत बसला.

मी कवळी काढली, खिशात टाकली आणि माझं ताट पुढं केलं.

"आधी मला!"