किसनमामाची साक्ष

किसनमामा गेले तेव्हा मी बीडला शाळेत वर्गावर होतो. सिरसाळ्याहून आलेला माणूस दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमचे मामा गेले. सकाळी बैल सोडताना खाली बसले, ते उठलेच न्हाईत." त्याला आता महिना होईल. गावाला मामा आठवतात ते निजामाच्या फौजेतून परतलेले, उजव्या हाताची तीन बोटं वाकडी असलेले, फारसं न बोलणारे शिपाई म्हणून. ती बोटं कशी मोडली हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही एका सिनेमामुळे.

परळीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. गोष्ट फौजी खटल्याची. अंमलदारानं शिपायाचा जीव घेतलेला, वकील पुरावा शोधत फिरतो, साक्षीदार धमक्यांनी गप्प... शेवटी भर अदालतीत एक साक्षीदार उठून खरं सांगतो आणि अंमलदाराला बेड्या पडतात. मी तर श्वास रोखून बघत होतो. परतताना बैलगाडीत मामांना विचारलं, कसा वाटला?

"बुटांचा आवाज बराबर हाय," ते म्हणाले. "अंमलदार आत आला की शिपाई नुसता आवंढा गिळतो, ते बी बराबर. पर मार खोटा हाय. मार खानारा इतकं बोलत न्हाई रे. आन् त्या साक्षीदाराचं... ते तर लईच खोटं."

"ते कावून?"

मामा बैलांच्या शिंगांकडे बघत बोलू लागले.

पलटणीत चकलांब्याचा दगडू त्यांच्या शेजारी झोपायचा. एकदा त्याची संगीन हरवली. जमादारानं त्याला तबेल्यात पालथा पाडला आणि मामांना हुकूम केला, ह्याचे पाय धर. मामांनी धरले. जमादार बंदुकीच्या दस्त्यानं मारत सुटला. पहिल्या घावांना दगडू आईच्या नावानं ओरडला, नंतर त्याच्या घशातून नुसता हवेचा आवाज येऊ लागला. बरगडी मोडली की त्याचा झटका त्याच्या पोटऱ्यांतून मामांच्या तळहातांना कळायचा. "पाय ढिले पडले तरी मी सोडले न्हाईत," मामा म्हणाले. "सोड म्हनून हुकूम न्हवता."

दगडूच्या मरणावरून वरच्या साहेबानं खटला उभा केला. अदालतीच्या आदल्या दिवशी जमादाराच्या माणसांनी मामांचा हात तबेल्याच्या दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. एक बोट, दुसरं, तिसरं... चौथ्याला मामा कबूल झाले. दुसऱ्या दिवशी हाताला रक्ताळलेलं फडकं गुंडाळून ते उभे राहिले आणि म्हणाले, दगडूला घोड्यानं लाथ मारली. कुणी वकील गरजला नाही, कुणी उलटून विचारलं नाही. जमादार मिशीला पीळ देत बाहेर पडला.

रजा मिळताच मामा चकलांब्याला गेले. घरात दगडूची आई होती आणि धाकटा भाऊ गणपत. मामांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, पाय मी धरले होते, अदालतीत खोटं मी बोललो. गणपतनं कुऱ्हाड उचलून तिच्या दांड्यानं मामांना झोडपलं. मामा पडले, उठले आणि पुन्हा तेच बोलले. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं, दोन दात मातीत पडले. ते पुन्हा उठले तेव्हा गणपतनं कुऱ्हाडीचं पातं पुढं केलं. म्हातारी मधे पडली. "नको मारू रं! माज्या लेकाचं खरं सांगनारा येवढाच हाय."

हे ऐकल्यावर मी कितीतरी दिवस मामांकडे फिरकलो नाही. लहानपणी मला पाटीवर अक्षरं गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्याच हातांनी... मला ते पचत नव्हतं. मार खाल्लेल्या माणसाला मी तंबूत बसल्यासारखा तोलत होतो, असं आता वाटतं. पण ते त्यांना सांगायचं राहून गेलं.

तेरावा झाल्यावर बातमी द्यायला मी चकलांब्याला गेलो. गणपतराव आता पार पिकलेत. ऐकून भिंतीला टेकले. म्हणाले, "मास्तर, तुमाला ठावं न्हाई. त्यो तंबू पुढं गेवराईला आल्ता, तवा तुमचा मामा मुक्काम करत करत पायी माज्या दारात आला. म्हनला, गणपत, चल, तुला येक दावायचं हाय. गेलो. पडद्यावर अदालत बसली, साक्षीदार उठला... आन् तुमचा मामा बी उठला. हात वर करून. तोंडानं कायतरी पुटपुटत व्हता. मागचे वरडाय लागले, 'खाली बस बे म्हाताऱ्या!' दोघं-तिघं त्याला वढून बसवाय आले."

"मग?"

"मग काय... मी आडवा उभा राह्यलो. म्हनलं, बोलून हू द्या त्याचं."